जुन्या शाखेतील नवी दुरुस्ती : एक चिकित्सा

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरची एखादी आवृत्ती प्रकाशित झाली म्हणजे तिचे आयुष्य संपत नाही. ती शाखारूपाने पुढे चालू राहते. मुख्य शाखेत नव्या रचना येत असतात. परंतु जुन्या शाखेवर विसंबणाऱ्यांसाठी निवडक दुरुस्त्या मागे नेऊन बसवाव्या लागतात. या कार्यास ‘बॅकपोर्टिंग’ अशी संज्ञा आहे. हे काम केवळ नकलेचे होय, असा एक समज आढळतो. लिनक्स कर्नलच्या उदाहरणावरून तो पारखून पाहणे उचित ठरेल. कारण तेथे या कार्याचे नियम लिखित स्वरूपात उपलब्ध आहेत.

लिनक्सच्या स्थिर शाखांची सध्याची पद्धती २००५ साली सुरू झाली. दुरुस्ती मुख्य शाखेत आधीच दाखल झालेली असावी, ती उघडपणे निर्दोष व तपासलेली असावी, आसपासच्या ओळी धरून तिचा विस्तार शंभर ओळींहून अधिक नसावा, हे तिचे प्रमुख नियम होत. यांपैकी पहिला नियम विशेष महत्त्वाचा आहे. दुरुस्ती केवळ जुन्या शाखेत झाली, तर नव्या आवृत्तीकडे वळणाऱ्यास तोच दोष पुन्हा भोगावा लागेल; ही आपत्ती या नियमाने टळते.

तथापि मुख्य शाखेत जे निर्दोष, ते जुन्या शाखेतही निर्दोष असेलच, असे या नियमाने सिद्ध होत नाही. २०२३ च्या अखेरीस याचा प्रत्यय आला. एक्स्ट-फोर या फाईल-प्रणालीतील एक दुरुस्ती ६.१.६४ या स्थिर आवृत्तीत आणली गेली. ती ज्या पूर्वबदलावर अवलंबून होती, तो ६.५ मध्ये आलेला होता, ६.१ च्या शाखेत तो नव्हता. परिणामी, थेट लेखनाच्या विशिष्ट प्रसंगी फाईलमधील स्थानाची नोंद चुकू लागली आणि साठविलेली माहिती बिघडण्याचा धोका उद्भवला. डेबियनला १२.३ या आवृत्तीचे प्रकाशन थांबवून १० डिसेंबर रोजी १२.४ प्रसिद्ध करावी लागली. दुरुस्तीच्या ओळी त्याच होत्या. त्यांना अर्थ देणारा संदर्भ मात्र बदललेला होता.

पूर्वावश्यक बदल नमूद करण्याची सोय नियमांत आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. परंतु असे अवलंबित्व मूळ लेखकाच्या ध्यानात आले, तरच त्याची नोंद होणार. मुख्य शाखेत वावरणाऱ्यास तो पूर्वबदल गृहीतच असल्याने त्याची उणीव जाणवणे कठीण असते.

म्हणून ही प्रथाच त्याज्य ठरते काय? तसे म्हणता येत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. मूळ प्रकल्पाने त्यासाठी १.०.१जी ही आवृत्ती काढली. डेबियनने आपल्या स्थिर वितरणातील १.०.१ई कायम ठेवून तीतच दुरुस्ती बसविली. त्यामुळे इतर बदल न पत्करता वापरणाऱ्यांना संरक्षण लाभले. मात्र केवळ आवृत्तिक्रमांक पाहणाऱ्यास ती सदोषच भासली असती.

या दोन्ही प्रसंगांवरून बॅकपोर्टिंगमध्ये निवडीइतकेच अर्थनिर्णयाचेही कार्य असते, हे स्पष्ट होते. बदल जुन्या शाखेत विनासायास बसला, हा त्याच्या शुद्धतेचा पुरावा मानता येणार नाही. तो ज्या शाखेत जावयाचा, त्या शाखेतच त्याची स्वतंत्र परीक्षा झाली पाहिजे. आणि त्या परीक्षेचे श्रम हेच स्थिरतेचे खरे मूल्य होय.