शब्दाविना हसू

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात विनोद करणे तसे जोखमीचेच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिच्यामागून आलेल्या कारखान्यांनी नगर, जालना, गोवा, केरळ, तमिळनाडू येथील कुटुंबे आमच्या धर्मग्रामात एकाच बाकावर आणून बसविली. एकाने केलेली शाब्दिक कोटी शेजाऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. म्हणूनच शि. द. फडणीस यांची शब्दविरहित हास्यचित्रे मला पुनःपुन्हा पाहावीशी वाटतात.

फडणिसांचा जन्म १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचे त्यांचे मुखपृष्ठ जाणकारांच्या स्मरणात आहे. बसथांब्यावर एक तरुण व एक तरुणी उभी आहेत. एकाच्या वस्त्रावर मांजरांची नक्षी, तर दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदरांची! चित्रकार एवढेच दाखवून थांबतो. उरलेली गोष्ट पाहणाऱ्याने रचायची असते. तेथे भाषेची अडचण नाही आणि वयाचीही नाही. शालेय गणिताच्या पुस्तकांतही या रेषा मुलांच्या सोबतीला होत्या.

परंतु या चित्रांचे खरे मोल मला एका सायंकाळी उमगले. स्नेहसंमेलनातील एका नाटुकल्यात परप्रांतीय कामगाराच्या मराठीची नक्कल झाली. सभागृह हसले, मीही हसलो. नंतर पुढच्या रांगेत बसलेल्या तशाच एका कामगाराच्या पत्नीची खाली गेलेली मान दिसली आणि माझे हसू मावळले. फडणिसांच्या चित्रात कुणाची मान अशी खाली जात नाही. तेथे फजिती होते ती आपल्या सवयींची. छत्री, साडी, खुर्ची यांसारख्या नित्याच्या वस्तू किंचित वेगळ्या वागतात आणि आपण स्वतःलाच हसतो.

या निर्विषतेला एक मर्यादाही आहे. कारखान्याला टाळे लागल्यावर रिकामा डबा घेऊन घरी परतणारा कामगार या प्रसन्न जगात सहसा भेटत नाही. सत्तेला टोचण्यासाठी आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’च हवा. योगायोग असा, की तोही मूकच! त्याचा बाण मात्र नेहमी वर, सत्ताधाऱ्यांकडे रोखलेला असतो. दुबळ्याकडे कधीच नाही.

विनोद कुणाच्या जिवावर उभा आहे, हा प्रश्न दोघांनीही आपापल्या परीने सोडविला. पुढील स्नेहसंमेलनाच्या तालमीपूर्वी आपणही तो स्वतःला विचारावा, हे बरे.