चोवीसपैकी चोवीस : तुळशीवरचा एक रिव्ह्यू पेपर कसा वाचायचा?

पंढरपुरात तुळशीचे गुण कुणाला पटवून द्यावे लागत नाहीत. विठोबाच्या गळ्यात तुळशीचा हार, वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, वारीत बायकांच्या डोक्यावर तुळशी वृंदावन. म्हणूनच ‘तुळस चांगलीच’ हे आपल्याला प्रश्न वाटत नाही. संशोधन करायचं तर तो प्रश्न म्हणून घ्यावा लागतो.

पीएचडीची तयारी करताय आणि विषय औषधी वनस्पतींचा आहे, तर जमशिदी आणि कोहेन यांचा २०१७ चा रिव्ह्यू तुमच्या हाती पडणारच. माणसांवर झालेले तुळशीचे २४ अभ्यास त्यात एकत्र केले आहेत. उंदरांवरच्या पेपरांच्या गर्दीत हे मोठंच काम आहे. निष्कर्ष असा, की सगळ्या अभ्यासांत फायदा दिसला आणि लक्षणीय दुष्परिणाम एकाही अभ्यासाने नोंदवला नाही.

इथे तुम्ही थांबायला हवं. औषध खरोखर गुणकारी असलं, तरी छोट्या अभ्यासांपैकी काही निव्वळ योगायोगानेही फसतात. २४ पैकी २४ यशस्वी म्हटल्यावर न छापलेले अभ्यास कुठे गेले, हे विचारायचं. दुसरं म्हणजे, कुठे पानं, कुठे पावडर, कुठे अर्क. हे सगळं ‘तुळस’ या एका शब्दाखाली येतं, पण शरीरात जाणारी रसायनं आणि त्यांचं प्रमाण सारखं नसतं. मात्रा आणि स्वरूप स्पष्ट करायला आणखी अभ्यास हवेत, हे लेखकांनीही मान्य केलंय.

माझा मुख्य आक्षेप मात्र ‘सुरक्षित’ या शब्दाच्या वापरावर आहे. दुष्परिणाम नोंदवला नाही म्हणजे इतर औषधांसोबत चालेल, असा अर्थ आपण परस्पर काढतो. ते दोन वेगळे प्रश्न आहेत. ग्रेपफ्रूटचा रस एरवी निरुपद्रवीच. पण तो आतड्यातल्या सीवायपी-३ए-४ या एन्झाइमला अडवतो आणि फेलोडिपिन या बीपीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवतो, हे १९९१ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली वनस्पती उलटं करते. ती हेच एन्झाइम वाढवते. तिच्यामुळे सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांच्या शरीराने नवं हृदय नाकारायला सुरुवात केली. हा पेपर २००० सालचा. नुसत्या वनस्पतीची चाचणी करून यातलं काहीच कळलं नसतं.

आता सत्तरीतले एखादे वारकरी बाबा डोळ्यांसमोर आणा. बीपीची गोळी, शुगरची गोळी आणि वर रोज तुळशीचा काढा. इथे दोन शक्यता वेगळ्या ठेवा. काढ्यामुळे गोळीचं रक्तातलं प्रमाण बदलतं का? की प्रमाण तेच राहतं, पण दोघं मिळून साखर जास्त उतरवतात? पहिला प्रश्न फार्माकोकायनेटिक्सचा, दुसरा फार्माकोडायनॅमिक्सचा. थीसिसमध्ये यांची सरमिसळ झाली, की परीक्षक तिथेच पकडतात.

मग करायचं काय? यकृताच्या मायक्रोसोम्सवर अर्क टाकून एन्झाइम अडलं, एवढ्यावर थांबू नका. बाटलीतली तीव्रता काढा पिऊन रक्तात येते का, ते आधी बघा. माणसांवर करायचं तर एथिक्स कमिटीच्या परवानगीने निरोगी स्वयंसेवकांना मिडाझोलामसारखं प्रोब औषध काढ्याआधी आणि काही दिवस काढा घेतल्यावर द्यायचं, ठरावीक वेळांना रक्त घ्यायचं आणि आलेखाखालच्या क्षेत्रफळांची तुलना करायची. वनस्पतीचा नमुना हर्बेरियममध्ये जमा करायचा आणि अर्कातलं युजेनॉल मोजून लिहायचं, म्हणजे दुसऱ्याला तोच प्रयोग पुन्हा करता येईल.

या कामातून ‘काहीच फरक पडत नाही’ असं उत्तर आलं, तरी ते छापा. बाबांना आणि त्यांच्या डॉक्टरांना त्याचाही उपयोग आहे. तोवर गोळी स्वतःहून बंद करू नका आणि काढा घेता हे डॉक्टरांना सांगा, एवढंच घरच्यांना सांगता येईल.