‘पायरी सोडणे’ : एका शब्दप्रयोगाची झडती

मुलुंडच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी तिथल्या कचेरीत घडलेला हा प्रसंग आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही हवी म्हणून एक विद्यार्थी तिसऱ्यांदा आला होता. ‘उद्या ये’ हे उत्तरही त्याला तिसऱ्यांदा मिळाले. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सर, उद्याची तारीख कागदावर लिहून द्या.” त्याचा आवाज चढला नव्हता, एकही शब्द वावगा नव्हता. तो गेल्यावर कारकून मला म्हणाले, “बघितलंत? पोरानं पायरी सोडली.”

मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा हिशेब शेवटी देईन. आधी या शब्दप्रयोगाचा हिशेब मांडू.

गैर वागण्याला नाव देण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. उद्धट, उर्मट, आगाऊ, असभ्य, बेशिस्त असे कितीतरी शब्द आहेत. ते वागण्याविषयी काही सांगतात, म्हणून त्यांची शहानिशा करता येते. आवाज चढवला का, शिवी दिली का, हे विचारता येते. ‘पायरी सोडली’ हा प्रयोग काय केले ते सांगत नाही. कोणी केले एवढेच सांगतो. तीच मागणी एखाद्या वकील पालकाने केली असती तर ‘माणूस चोख आहे’ असे म्हटले गेले असते.

कोणी म्हणेल, हा प्रयोग सर्वांनाच लागू पडतो. पुढारी शिवीगाळ करतो तेव्हा त्यानेही पायरी सोडली असे आपण म्हणतो. खरे आहे. पण तिथे तो पुढारी स्वतःच्या प्रतिष्ठेवरून खाली उतरला, असा अर्थ असतो. त्याच अर्थाने ‘पातळी सोडली’ असेही म्हणतात. खालच्याने पायरी सोडली म्हणजे मात्र तो वर आला. वरच्याला शरम वाटावी एवढीच अपेक्षा असते. खालच्याला अद्दल घडावी अशी असते. आणि ‘पायरी ओळखून राहा’ ही आज्ञा तर एकाच दिशेने जाते. साहेबाने शिपायाला अरे-तुरे केले म्हणून साहेबाला पायरी ओळखायला कोणी सांगत नाही.

‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्यात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली. प्रत्येक जात हा एक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडी नाही. मग शिडीच नसलेल्या समाजाच्या भाषेत पायरी आली कुठून? उत्तर सरळ आहे. या प्रयोगातली पायरी चढण्यासाठी नाही, ती उभे राहण्यासाठी आहे. जिच्यावर जन्म झाला तिच्यावरच मरायचे, अशी ती पायरी आहे.

पंढरपूरला ही पायरी दगडात पाहायला मिळते. महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. संतांच्या पायधुळीसाठी नामदेवांनी ती जागा मागितली, असे परंपरा सांगते. त्यांचे पायरीवर असणे ही नम्रता ठरली. चोखोबांना दाराबाहेर राहण्यावाचून दुसरी जागाच नव्हती. तेही नम्रता म्हणूनच सांगितले गेले. सक्तीला सद्गुणाचे नाव मिळाले की तक्रार करायला शब्द उरत नाही. त्या दारातून दलितांना आत जायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठीही साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले.

महाडला पायऱ्या उतरायच्या होत्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केले होते. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिणाऱ्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. तरीही लाठ्या पडल्याच. नियम पाळूनही पायरी सोडता येते, हे महाडने दाखवून दिले.

वाङ्मयातही हेच झाले. १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’त राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिला. दलित स्त्रीला विवस्त्र केले तर पन्नास रुपये दंड आणि राष्ट्रध्वजाचा अवमान केला तर तीनशे, ही तुलना त्यांनी मांडली. त्या पन्नास रुपयांपेक्षा गदारोळ झाला तो ढाल्यांच्या शब्दांवर. कृत्याच्या असभ्यतेपेक्षा शब्दाची असभ्यता मोठी ठरवण्याची ही रीत आजच्या समीक्षेतूनही गेलेली नाही.

आणि हा प्रयोग कायदाही जाणतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने चारचौघांत हेतुपुरस्सर केलेला अपमान गुन्हा ठरवला. २०१५ च्या दुरुस्तीने जातीच्या नावाने शिवीगाळ करण्याचे कलम वेगळे घातले. ‘पायरी’मध्ये जातीचे नाव येत नाही. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ते कळते, पंचनाम्यात मात्र उतरत नाही.

आता माझा हिशेब. मी घाटकोपरचा. ११ जुलै १९९७ रोजी आमच्या जवळच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाला जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा जण मेले. त्या आठवड्यात मी कामावर निघालो की माझे वडील दारापर्यंत येत आणि म्हणत, “पायरीनं राहा रे, बाबा.” त्यांच्या तोंडी तो अपमान नव्हता, भीती होती. जो शब्द वरून हुकूम म्हणून येतो, तोच आपल्या घरात काळजी होऊन राहतो. कचेरीत माझे तोंड बंद केले ते त्या काळजीने. आणि खरे सांगायचे तर प्राध्यापकीने मला जी नवी पायरी दिली होती तिनेही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाबरोबर खिडकीपाशी उभा राहिलो आणि तीच तारीख लेखी मागितली. सही लगेच झाली. मी पायरी सोडली असे कोणी म्हणाले नाही.

शिक्षक मित्रहो, हा शब्दप्रयोग आपण वर्गात वाक्प्रचार म्हणून शिकवतो, अर्थ सांगतो आणि वाक्यात उपयोग करायला लावतो. यापुढे आणखी एक प्रश्न घालावा: कोणाची पायरी, आणि ती कोणी बांधली?