स्नेहसंमेलनातला एकलव्य

शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणते नाटक बसवायचे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने कधी आपला मानला नाही. बालनाट्याचा विचार झाला तोही शहरी नाट्यगृहाच्या चौकटीत. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ सुरू करून रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले आणि मुलांच्या कल्पनेतले नाटक असू शकते, हे मराठी प्रेक्षकाला पटवून दिले. हे काम मोठे आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते तिकीट काढून येणाऱ्या मुलाचे नाटक होते. तालुक्याच्या शाळेत बाके जोडून उभ्या केलेल्या रंगमंचावर जे नाटक होते, त्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे आईबाप सतरंजीवर बसलेले असतात, गावचे पुढारी खुर्च्यांवर. तिथे मूल साऱ्या गावासमोर उभे राहते आणि गाव आपल्याला कोणत्या वेषात बघू इच्छिते, हे त्याला त्या रात्री कळते.

या रंगमंचावर वर्षानुवर्षे हमखास येणारा एक नायक म्हणजे एकलव्य. शिक्षकदिनाला तो येतो, संमेलनाला येतो. नाटिका कोणाचीही असो, तिचा सांगाडा ठरलेला असतो. मुलगा मातीच्या पुतळ्यापुढे सराव करतो, गुरू दक्षिणा मागतो, शिष्य हसतमुखाने अंगठा कापून देतो, पडदा पडतो, टाळ्या पडतात. सूत्रधार सांगतो, गुरुभक्ती असावी तर अशी.

आता मूळ महाभारतातले आदिपर्व उघडून पाहावे. हिरण्यधनू या निषादराजाचा हा मुलगा. तो निषाद आहे म्हणूनच द्रोण त्याला शिष्य करून घेत नाही, हे तिथे स्पष्ट आहे. पुढे त्याचे कौशल्य पाहून अर्जुन अस्वस्थ होतो आणि गुरूला त्याच्या वचनाची आठवण देतो : माझ्याहून श्रेष्ठ तुझा एकही शिष्य होणार नाही, असे तू म्हणाला होतास. त्यानंतर द्रोण अंगठा मागतो. अंगठा गेल्यावर एकलव्याच्या बाणाची चपळाई उरत नाही आणि अर्जुनाचा जीव शांत होतो, हेही महाभारतकार लपवत नाही. म्हणजे ज्या ग्रंथाला आपण विषमतेचा साक्षीदार म्हणतो, तो या प्रसंगात शाळेतल्या नाटिकेहून अधिक प्रामाणिक आहे. नाटिकेतून नेमकी दोन वाक्ये गळतात : नकाराचे कारण आणि अर्जुनाचे समाधान. ही दोन वाक्ये काढली की अन्यायाची गोष्ट भक्तीची गोष्ट होते. ज्याने त्या मुलाला एक अक्षर शिकवले नाही, त्याला दक्षिणा मागण्याचा अधिकार कोणी दिला, असा प्रश्न एखाद्या पाचवीतल्या मुलाला पडू शकतो. तो पडू नये, अशी व्यवस्था ही नाटिका करते. अशा निवडीला निरागस कसे म्हणावे?

निवडीचा दुसरा भाग पात्रवाटपाचा. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. आज महाविद्यालयात शिकवतो, नाट्यमंडळाचे काम बघतो. पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना मी विचारतो, शाळेत कोणती कामे केलीत? वस्तीतून आलेली मुले सांगतात : राक्षस, शिपाई, दारुड्या, गर्दीतला एक. राजपुत्र आणि सूत्रधार बहुधा दुसऱ्या आळीतले. कारण विचारले तर उत्तर तयार असते, उच्चार. ‘न’ आणि ‘ण’ यांच्या चाळणीतून नायक निवडला जातो. उरलेल्यांना रंग फासून हशा वसूल केला जातो. म्हणून नाटक हाती घेताना पहिला प्रश्न असा विचारावा, यातला हशा कोणाच्या बोलण्यावर बेतलेला आहे?

पर्याय कोणता, असे मला सहकारी विचारतात. मी जोतीरावांच्या ‘तृतीय रत्न’कडे बोट दाखवतो. १८५५ साली लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने स्वीकारले नाही, हे जोतीरावांनीच पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवले आहे. जोशी एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, हे त्यातले कथानक. त्यातला पाद्रीचा संवाद लांबलेला आहे. पंधरा वर्षांच्या मुलांना तो पेलणार नाही, त्याला कात्री लावावीच लागेल. पण त्यातला विदूषक पाहा. तो प्रत्येकाच्या बोलण्यातली मेख प्रेक्षकांना उघडून दाखवतो, आणि त्याची भाषा घरात बोलली जाते तीच आहे. शाळेत ज्याचा उच्चार ‘अशुद्ध’ ठरतो, तोच मुलगा इथे सर्वांत शहाणा ठरतो. आणि शेवटी नवराबायको काय ठरवतात? शाळेत जायचे. शाळेच्या रंगमंचाला याहून योग्य शेवट मला ठाऊक नाही.

विद्यार्थ्यांना वैचारिक नाटक झेपत नाही, ही तक्रारही टिकत नाही. प्राचार्य म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीच उभे केले आणि ते बाबासाहेबांनी पाहिले.

मात्र आपल्याही घरात डोकावले पाहिजे. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात आपण लहान मुलांकडून काय करवून घेतो? पाण्याचा, विटाळाचा प्रसंग. एक मूल हाकलणारा, दुसरे हाकलले जाणारे. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका समज आलेल्या नटांनी करावी. ती करताना आपण कोणाचा राग बोलत आहोत, हे त्यांना कळते. सात-आठ वर्षांच्या पोराला ते कळत नाही. त्याच्या अंगावर फक्त शिवी पडते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तीच त्याचे टोपणनाव होऊन बसते. वेदना खरी आहे, म्हणून ती कोणत्याही वयाच्या खांद्यावर टाकावी असे होत नाही. महाडच्या तळ्यावरचा २० मार्च १९२७ चा दिवस मुलांनी जरूर करावा. त्यात माणसे चालत येतात आणि पाणी पितात. कृती करणाऱ्या माणसाची भूमिका मुलाला द्यावी. विद्रोहाची पहिली ओळख त्याला अपमानातूनच व्हावी, असा हट्ट आपण का धरावा?

शिक्षकांना माझे सांगणे इतकेच की, पात्रे वाटण्याआधी नाटक साऱ्या वर्गासमोर वाचावे. कोणते काम कोणाला नको वाटते आणि का, ते ऐकून घ्यावे. आणि एकलव्यच करायचा असेल, तर ती गळालेली दोन वाक्ये परत घालावीत. मग अंगठा तुटल्यावर टाळ्या पडतात का, ते पाहावे.