‘हिंदू-तुर्क संवाद’ पुन्हा वाचताना

संत एकनाथांच्या (1533-1599) ‘हिंदू-तुर्क संवाद’ या भारुडाचे नाव आपल्या संमेलनांतील भाषणांत हमखास येते. एकात्मतेचा विषय निघाला की वक्ते त्याचा शेवट सांगतात : दोघे भांडले, मग उमजले, एकमेकांना भेटले. टाळ्या पडतात. शेवटाआधी जे भांडण आहे ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. माझ्या मते या रचनेचे खरे मोल त्या भांडणातच आहे.

हे भांडण गुळमुळीत नाही. सुरुवातच तुर्काने ब्राह्मणाला काफर म्हणण्यापासून आणि ब्राह्मणाने त्याला विटाळाच्या भीतीने दूर सारण्यापासून होते. मग तुर्क पुराणे काढतो. ब्रह्मदेवाच्या कन्येची कथा, सीतेला रावणाने नेल्याची कथा, दगडाची पूजा, सोवळेओवळे, यातले काहीही तो सोडत नाही. ब्राह्मणही मागे हटत नाही. देव सगळीकडे आहे असे तुमचाच धर्म सांगतो, मग पश्चिमेकडेच तोंड का? पाच वेळा तो असतो आणि बाकीच्या वेळी नसतो काय? मुक्या जिवाचा गळा कापून पुण्य कसे लागते? हिंदूला मुसलमान करता, म्हणजे त्याला हिंदू घडवताना देव चुकला असे म्हणायचे का? आज यातले एखादे वाक्य चौकात कुणी मोठ्याने म्हटले, तर पोलिसांना बोलवावे लागेल.

मग ही हमरीतुमरी संवाद कशी ठरते? रचना नीट वाचली की तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, कुणाचाही आरोप सौम्य करून मांडलेला नाही. दुसरी, प्रत्येकाला दुसऱ्याच्या धर्मातले काही ना काही ठाऊक आहे. ब्राह्मण तुर्काला त्याच्याच श्रद्धेच्या आधारे प्रश्न विचारतो, तुर्क ब्राह्मणाला त्याच्याच कथा ऐकवतो. तिसरी, एवढे ऐकूनही कुणी उठून जात नाही आणि शेवटी कुणी धर्मही बदलत नाही. ब्राह्मण ब्राह्मण राहतो, तुर्क तुर्क. बदलते ते त्यांचे एकमेकांकडे पाहणे.

भाषेकडेही लक्ष द्यायला हवे. एकनाथांनी तुर्काच्या तोंडी मराठी घातलेली नाही, दखनी घातली आहे. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ती वाचताना परकी वाटत नाही. आमच्या घरांत आजही बोलली जाते तिची ती जुनी बहीण आहे. प्रतिपक्षाला त्याच्या भाषेत बोलू देणे म्हणजे त्याला माणूस म्हणून उभे करणे होय. नाटक-सिनेमांतला ‘हम तुमको बोलता हय’ छापाचा मुसलमान आणि एकनाथांचा तुर्क यांत हा फरक आहे. पहिला हसण्यासाठी आणलेला, दुसरा वाद घालण्यासाठी.

वादामागे राजकारणही होते. पैठणवर तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सुलतानाच्या चाकरीत होते, असे परंपरा सांगते. म्हणजे या संवादातला तुर्क सत्तेच्या बाजूचा आहे आणि ब्राह्मण प्रजेच्या. सत्तेच्या बाजूच्या माणसाला तोंडावर प्रश्न विचारता येतो आणि तो ऐकून घेतो, हे चित्र म्हणूनच धाडसाचे आहे. आज पारडे उलटे आहे, हे वेगळे सांगायला नको.

तरीही समीक्षकाने एक हिशेब मांडलाच पाहिजे. या संवादाची दोन्ही तोंडे एकाच लेखणीची आहेत. शेवटचे समाधान अद्वैताच्या वळणाचे आहे आणि ते मान्य करण्याचे काम मुख्यतः तुर्काकडे आले आहे. एकनाथांच्या मनाच्या मोठेपणाला याने बाध येत नाही. मात्र संवादाचा अर्धा भाग अजून लिहायचा राहिला आहे, एवढे निश्चित. तो भाग मुसलमान लेखकाचा आहे.

आपण तो लिहिला का? इक्बालांनी ‘शिकवा’त थेट खुदाकडे गाऱ्हाणे मांडले आणि पुढे 1913 मध्ये ‘जवाब-ए-शिकवा’ लिहून स्वतःच त्याचे उत्तर दिले. तक्रार इतकी पुऱ्या जोराने मांडली होती की काही मौलवी नाराज झाले. ज्या परंपरेला खुदाविरुद्धची तक्रार उणी न करता लिहिता येते, तिला शेजाऱ्याची आपल्याविरुद्धची तक्रार लिहिणे अवघड का जावे?

आपल्या घरातल्या मतभेदांतही हीच अडचण दिसते. हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तेव्हापासून तलाकवरची आपली चर्चा बहुधा शिक्क्यांवरच चालली आहे. एकाने ‘विकलेला’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘मुल्ला’. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तलाक रद्द ठरवला. 2019 च्या कायद्याने तो देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. निकालाचे स्वागत करून कायद्याला विरोध करणारी माणसे आपल्यात आहेत. दोन्ही बाजूंना ती फितूर वाटतात.

त्यांचे म्हणणे असे : तलाक झालाच नसेल तर शिक्षा कशाची? नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार? कायद्याच्या समर्थकाचे म्हणणे असे : निकालानंतरही पुरुष तीनदा तलाक म्हणून बाईला घराबाहेर काढत होते, शिक्षेच्या भीतीवाचून ते कसे थांबणार? हे दोन्ही युक्तिवाद एकाच लेखात, सारख्याच ताकदीने मांडलेले माझ्या वाचनात फार कमी आले.

विरोधकाशी बोलणे म्हणजे त्याच्याशी सहमत होणे नव्हे, आणि मुद्दे टाळून गोड बोलणे तर मुळीच नव्हे. त्याचे म्हणणे असे मांडावे की त्याने वाचून म्हणावे, ‘हो, मला हेच म्हणायचे होते.’ त्यानंतर आपले उत्तर द्यावे, हवे तितके कडक. एकनाथांच्या तुर्काला ही संधी मिळाली आहे. त्याचे टोमणे आजही बोचतात, हाच त्याचा पुरावा. आपल्या कथा-कादंबऱ्यांतला आपला विरोधक, मग तो शाखेवर जाणारा शेजारी असो की मोहल्ल्यातला मौलवी, इतके धारदार बोलतो का? नसेल बोलत, तर आपण अजून त्याच्याशी बोललेलो नाही. त्याच्याविषयी बोललो आहोत.