ग्रंथप्रसार आणि श्रवण : एक टिपण

जानेवारी २०२० मध्ये त्यावेळच्या उस्मानाबाद नगरीत ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. बायबलचे मराठी भाषांतर करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. धर्मग्रंथाचे भाषांतर हे वाङ्मयीन कार्य आहे, ही गोष्ट त्या निवडीने मान्य केली आणि पालीच्या अभ्यासकाला तिचे समाधान वाटणे स्वाभाविक होते. परंतु संमेलन असो, ग्रंथोत्सव असो की १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन असो, आपल्या संस्थांचा ग्रंथप्रसार ग्रंथदिंडी, प्रदर्शन आणि व्याख्यान ह्या तीन पायऱ्यांवर येऊन थांबतो. प्रत्यक्ष ग्रंथ त्यानंतर कोणी उघडला किंवा नाही, ह्याची विचारपूस कोणी करीत नाही.

ह्याचे मूळ काही अंशी व्यवस्थेतच आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगावी ग्रंथालये उभी राहिली, हे त्याचे ऋण नाकारता येणार नाही. मात्र शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड ही वर्गवारी ठरविताना ग्रंथसंख्या, नियतकालिके ह्यांसारख्या मोजता येण्याजोग्या बाबींना महत्त्व येते. जे मोजले जाते तेच वाढविले जाते. न उघडलेला ग्रंथही नोंदवहीत एक ग्रंथच असतो.

पाली वाङ्मयात ह्याहून वेगळे माप सापडते. निकायांत बहुश्रुताचे वर्णन येते ते असे : त्याने धम्म पुष्कळ ऐकलेला असतो, धारण केलेला असतो, वाचेने घोळलेला असतो, मनाने पुनःपुन्हा तपासलेला असतो आणि दृष्टीने भेदलेला असतो. ग्रंथ जवळ असणे ही त्यातली एकही पायरी नव्हे! बुद्धवचन लिपिबद्ध होण्यापूर्वी ते दीघभाणक, मज्झिमभाणक अशा पठणकर्त्यांच्या परंपरेने राखले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभाचे दान सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या अशाच एका भाणकाचे आहे. भाणक हा आपल्या भूमीतला जुना ग्रंथप्रसारक होय, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आजच्या विहारांत ही परंपरा आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात ग्रंथवाचनाच्या रूपाने टिकून आहे. १९५७ मध्ये प्रथम इंग्रजीत प्रकाशित झालेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ ह्या काळात मराठीतून वाचला जातो. क्रमांक घातलेली त्याची छोटी छोटी वाक्ये मोठ्याने वाचण्यास सोयीची आहेत. ज्यांनी कधी पुस्तक विकत घेतले नाही असे श्रोते तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकतात. एवढे कार्य कोणत्याही प्रदर्शनाने साधलेले माझ्या पाहण्यात नाही. तरीसुद्धा विहारांना सर्व श्रेय देऊन मोकळे होता येत नाही. श्रवण आणि धारण ह्यांच्या पुढे आपले वाचनही सरकत नाही. सांगता समारंभाचे नियोजन महिनाभर आधी होते, परंतु वाचलेल्या भागावर प्रश्न विचारण्यासाठी दहा मिनिटेही राखून ठेवली जात नाहीत.

तेर परिसरातील एका विहारात मी हे प्रत्यक्ष पाहिले. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळालेले आहेत. त्या संध्याकाळी शाक्य आणि कोलीय ह्यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा वाचला जात होता. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बाबासाहेबांनी ह्या तंट्यात पाहिले. अट्ठकथांनाही हा तंटा ठाऊक आहे, पण तेथे तो गृहत्यागाचे कारण म्हणून येत नाही. टँकरची वाट पाहण्यात ज्यांचे उन्हाळे गेले, त्या श्रोत्यांसाठी ह्याहून जवळचे प्रकरण कोणते असणार? मागच्या रांगेतून एक वृद्धा म्हणाल्या, “मग पानी कुनाला मिळालं म्हनायचं, गुरुजी?” वाचणाऱ्या गुरुजींनी मान वर न करता उत्तर दिले, “मावशी, आधी अध्याय पुरा होऊ द्या.” अध्याय पुरा झाला, वंदना झाली आणि मंडळी पांगली.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर त्याच ग्रंथात, थोड्या पानांनंतर आहे. शाक्य व कोलीय ह्यांनी युद्ध टाळले आणि पाण्याचे तंटे मिटविण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमले, ही वार्ता परिव्राजक गौतमाला राजगृहात कळते. ती कळल्यावरही तो घरी परतत नाही. ग्रंथाची पुढील सर्व मांडणी ह्याच ठिकाणी वळण घेते. त्या संध्याकाळी दहा मिनिटे थांबून ती पाने उघडली असती, तर एका प्रश्नातून श्रोते ग्रंथाच्या गाभ्याशी पोहोचले असते. ग्रंथालयांनी वर्षावासापुरत्या चार-सहा प्रती विहाराला द्याव्यात आणि विहारांनी वाचनानंतर प्रश्नांना वेळ द्यावा, एवढी माझी साधी सूचना आहे. तिला ना अनुदान लागते ना मंडप.

तो पुढचा भाग वाचला गेला त्या दिवशी मावशी आल्या नव्हत्या. खुरपणीहून परतायला त्यांना उशीर झाला होता. त्यांचा दहावीतला नातू दुसऱ्या दिवशी वाचनालयात ग्रंथ मागायला गेला. ग्रंथाची नोंद होती, प्रतही कपाटात दिसत होती. ती संदर्भ विभागाची असल्याने घरी देता येत नाही, असे त्याला सांगण्यात आले.