नाव चुकले, वर्णन टिकले

पुस्तकांची परीक्षणे आपण आवडीने वाचतो. शोधनिबंधाचे परीक्षण मात्र सहसा कोणी करत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधाचे तर नाहीच. तरीही सिरिल टोकर या विकृतिशास्त्रज्ञांनी १९७२ साली लिहिलेल्या एका लेखाविषयी शिक्षकांशी बोलावेसे वाटते. 'आर्काइव्हज ऑफ डर्मेटॉलॉजी' या त्वचारोगांच्या अमेरिकन नियतकालिकात तो छापून आला. विषय होता त्वचेचा एक दुर्मिळ आणि झपाट्याने पसरणारा कर्करोग. लेखात अवघ्या पाच रुग्णांची माहिती आहे. त्याच्या मथळ्यातील रोगाचे नाव आज मागे पडले आहे आणि रोगाच्या उगमाविषयी त्यात केलेला तर्कही टिकलेला नाही. मग या रोगाचा इतिहास सांगताना सुरुवात त्याच लेखापासून का करतात? याचे उत्तर विज्ञान शिकवणाऱ्यांच्या रोजच्या कामाशी जोडलेले आहे.

धरणगावला काही शिक्षकांशी गप्पा चालल्या असताना एकाने विचारले, "तुकडा तपासायला पाठवला, त्यात कर्करोग दिसला, असे डॉक्टर म्हणतात. म्हणजे नेमके काय दिसते हो?" हा प्रश्न आधी सोडवू.

त्वचेवरच्या गाठीचा तुकडा काढून फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालतात. धरणगावहून तो जळगावला, धुळ्याला किंवा आणखी पुढे जातो. प्रयोगशाळेत तो मेणात बसवून त्याचे तीन ते पाच मायक्रोमीटर जाडीचे काप घेतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, यावरून कापाच्या पातळपणाची कल्पना यावी. असा काप जवळजवळ रंगहीन असतो. म्हणून त्याला दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलीनने पेशींची केंद्रके निळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे निळे-गुलाबी चित्र हे असे आपण तयार केलेले असते. त्यात 'कर्करोग' अशी पाटी कोठेही लावलेली नसते. दिसतात त्या पेशी, त्यांची मांडणी, त्यांच्या केंद्रकांचा आकार आणि त्यांच्या विभाजनाच्या खुणा. त्यांवरून निष्कर्ष काढायचा असतो.

टोकर यांच्यापुढे आलेल्या गाठींत लहान, गोल, निळ्या दिसणाऱ्या पेशींचे थवे होते. अशा पेशींत केंद्रकानेच बहुतेक जागा व्यापलेली असते आणि भोवतीचा पेशीद्रव जेमतेम असतो. केंद्रकातले क्रोमॅटिन बारीक दाणेदार दिसते. इंग्रजी पुस्तकांत त्याला मीठ-मिऱ्याची उपमा देतात. खानदेशातल्या माणसाला कळण्याचे पीठ आठवावे. ज्वारीच्या पिठात उडदाच्या सालीचे काळे कण विखुरलेले असतात, साधारण तसे. ठिकठिकाणी पेशींचे विभाजन चालू असते. गाठ वाढते ती त्वचेच्या वरच्या थरात नव्हे, तर त्याखालच्या अंतस्त्वचेत. टोकर यांनी आणखी एक गोष्ट टिपली. काही ठिकाणी या पेशी एकमेकींना जोडलेल्या पट्ट्यांसारख्या मांडलेल्या होत्या. लॅटिनमध्ये लहान तुळईला 'ट्रॅबेक्युला' म्हणतात. जुन्या धाब्याच्या घराचे छत खालून पाहिले की तुळया आणि कड्यांची जशी जाळी दिसते, तशी ही मांडणी. त्यावरून टोकर यांनी रोगाला नाव दिले 'ट्रॅबेक्युलर कार्सिनोमा', म्हणजे तुळईवजा कर्करोग.

या लेखाचा गुण आणि दोष दोन्ही येथेच आहेत. इतर गाठींच्या गर्दीत हरवलेला एक प्रकार त्यांनी वेगळा ओळखला आणि पुढच्या माणसाला तो पुन्हा ओळखता येईल अशा रीतीने मांडला, हा गुण. दोष असा, की पाच रुग्णांत नजरेत भरलेल्या एका लक्षणाला त्यांनी सबंध रोगाची ओळख करून टाकले. पुढे अधिक रुग्ण तपासले गेले तेव्हा असे दिसले, की तुळयांची मांडणी या रोगात तुलनेने कमीच आढळते. बहुतेक गाठींत पेशींचे सलग पत्रे किंवा पुंजके असतात. म्हणजे मथळ्यावर विसंबून तुळया शोधणाऱ्याच्या हातून बरेचसे रुग्ण निसटले असते. ही गाठ घामाच्या ग्रंथींपासून उद्भवत असावी, हा त्यांचा तर्कही चुकीचा ठरला.

हा तर्क ज्या पुराव्याने मागे पडला, तो पुढे आणण्यात टोकर स्वतः होते, हे विशेष. १९७८ साली टँग आणि टोकर यांनी याच गाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशींच्या आत त्यांना गडद गाभ्याचे सूक्ष्म कण आढळले. असे कण संप्रेरकासारखी द्रव्ये साठवणाऱ्या, चेतापेशींशी साम्य असलेल्या पेशींत असतात. अशा पेशींना चेता-अंतःस्रावी म्हणतात. त्वचेत असे कण असलेली पेशी ठाऊक होती. फ्रीड्रिख मर्केल या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८७५ साली तिचे वर्णन करून तिला 'स्पर्शपेशी' म्हटले होते. (स्पर्शाच्या संवेदनेत तिचा खरोखर वाटा असल्याचा भक्कम पुरावा मिळायला २०१४ साल उजाडले. त्यात ज्या 'पिएझो-२' प्रथिनाचा संबंध निघाला, त्याच्या शोधाबद्दल आर्डेम पाटापूशियन यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.) या साम्यावरून रोगाचे नाव बदलत बदलत 'मर्केल पेशी कर्करोग' असे झाले, आणि तेच आज रूढ आहे.

पण या नव्या नावाचीही तपासणी करायला हवी. मर्केल पेशी असतात त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी, गाठ वाढते त्याखाली. मर्केल पेशी पूर्ण वाढ झालेल्या असतात आणि सहसा विभाजित होत नाहीत. गाठीतल्या पेशी तर भराभर विभाजित होतात. त्यामुळे ही गाठ नेमक्या कोणत्या पेशीपासून निघते यावर अजून वाद आहे. पेशी मर्केल पेशीसारखी दिसते, एवढे खरे. ती मर्केल पेशीचीच संतती आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. नाव मात्र ते सिद्ध झाल्यासारखे बोलते.

रोगाला नाव देण्याची आणखी एक तऱ्हा मुंबईत पाहायला मिळते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली, लोकांच्या राहणीशी निगडित कर्करोगांवर एक निबंध लिहिला. त्यातला एक होता धोतराचा कर्करोग. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या काठामुळे कातडी घासली जाते, तिचा रंग जातो, वण पडतो आणि क्वचित तेथे कर्करोग होतो. पुढे साडीच्या बाबतीतही हेच आढळले. या नावाचा फायदा उघड आहे. गाठ कशी ढिली करावी हे ते नावच सांगते. पण त्याची मर्यादाही पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली हा नेहमीचा शल्कपेशींचा कर्करोगच असतो. काचपट्टीवर धोतर दिसत नाही. ते कळते रुग्णाला विचारल्यावर.

कारण काचपट्टीवर दिसत नाही, हा धडा मर्केल पेशी कर्करोगालाही लागू पडला. २००८ साली पिट्सबर्ग येथे युआन चांग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाने अशा दहा गाठी तपासल्या. त्यांपैकी आठ गाठींत एक नवा विषाणू सापडला. हा विषाणू निरोगी माणसांतही सर्रास असतो. त्यांना बहुधा काही होत नाही. उलट ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच गाठींत तो नसतो, तेथे उन्हातल्या अतिनील किरणांनी जनुकांवर केलेल्या इजा सापडतात. एकाच नावाखाली दोन वाटा निघाल्या, आणि नुसत्या निळ्या-गुलाबी रंगात त्या ओळखणे अवघड असते.

मग निदान होते तरी कसे? एकामागून एक प्रश्न विचारून. लहान, गोल, निळ्या पेशी लसिका-अर्बुदात म्हणजे लिम्फोमातही असतात, काही मेलॅनोमांत असतात आणि फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगातही असतात. तो कर्करोग पसरून कातडीत आला तर दिसायला थेट असाच दिसतो. म्हणून विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड वापरून कापांना पुन्हा रंग देतात. सायटोकेराटीन-२० हे प्रथिन मर्केल पेशी कर्करोगात बहुधा केंद्रकाच्या कडेला ठिपक्यासारखे उमटते. १९९२ साली रोलांड मोल आणि सहकाऱ्यांच्या कामामुळे ही खूण हाती आली. टी.टी.एफ.-१ हे प्रथिन फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात बहुतेक वेळा असते, मर्केलमध्ये सहसा नसते. सी.डी. ४५ लिम्फोमाकडे बोट दाखवते, एस-१०० मेलॅनोमाकडे. मर्केलच्या काही गाठींत सायटोकेराटीन-२० नसतेच. तेव्हा एका रंगावर निकाल देता येत नाही.

हा काथ्याकूट केवळ नावासाठी नाही. लिम्फोमा असेल तर मुख्य भर औषधांवर असतो. मर्केल असेल तर गाठ भोवतालच्या कातडीसकट काढायची, जवळच्या लसिकाग्रंथी तपासायच्या, बहुधा किरणोपचार द्यायचे. फुप्फुसातून आलेली असेल तर छाती तपासायची. या रोगात मृत्यूचे प्रमाण मेलॅनोमापेक्षाही जास्त आहे, आणि तो लसिकाग्रंथींत लवकर शिरतो. पसरलेल्या रोगावर प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारे अ‍ॅव्हेल्युमॅब हे औषध अमेरिकेत २०१७ साली मान्य झाले. पण तेथवर पोचायला निदान बरोबर हवे. त्यासाठी तुकड्यासोबतच्या कागदावर रुग्णाचे वय, गाठ कोठे आहे, किती आठवड्यांत वाढली, दुखते की नाही, हे लिहिलेले असणे फार मोलाचे ठरते. उतारवय, उघड्या कातडीवरची न दुखणारी, लालसर-जांभळी, भराभर वाढणारी गाठ, एवढे वाचले तरी तपासणारा योग्य प्रश्न विचारू लागतो.

आता टोकर यांच्याकडे परत येऊ. त्यांचे नाव चुकले, तर्क चुकला, पण वर्णन टिकले, कारण डोळ्यांना दिसले ते त्यांनी नीट लिहून ठेवले होते. म्हणूनच नव्या पुराव्याने नाव बदलले तरी रोग तोच आहे हे पटवता आले.

आपल्या वर्गात नेमके उलटे घडते. कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जाण्यापूर्वीच मुलांच्या वहीत पुस्तकातली आकृती उतरलेली असते. केंद्रक मधोमध, गोल, बाण काढलेला. काचपट्टीवर हवेचा बुडबुडा आला तर मूल त्यालाच पेशी म्हणते किंवा सोडून देते. कारण गुण मिळतात ते नावांना. यात दोष मुलांचा नाही. नाव ठाऊक असणे म्हणजे वस्तू पाहिलेली असणे, असे आपणच त्यांना शिकवले आहे.

यावरचा उपाय खर्चिक नाही. वहीच्या पानावर मधे एक रेघ मारावी. डावीकडे 'दिसले', उजवीकडे 'असावे'. किती कोपरे, कडा जाड की बारीक, आत ठिपका आहे की नाही, आणि असल्यास मधे की कडेला, हे सारे डावीकडे. केंद्रक, पेशीभित्तिका ही नावे उजवीकडे, आणि तीही सर्वांत शेवटी. बुडबुड्यालाही डावीकडे जागा द्यावी. पुढच्या प्रात्यक्षिकाला गुण डाव्या बाजूला द्या, आणि मुले काय काय लिहितात ते पाहा.